खालचं बारीक नाव

शेवटचा साधा दिवस औषधाच्या दुकानात गेला. अप्पांच्या हृदयाची नेहमीची गोळी कुठेच मिळेना, आणि हट्टीपणात अप्पांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "तीच आणा. नाहीतर मी बिनगोळीचा बरा!"

आई वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. तिने संपत आलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं. "वरचं ठळक नाव सोड. खालचं बारीक वाच. तेच औषध, तेवढीच ताकद, दुसऱ्या कुठल्या कंपनीचं आहे?"

"बाई, अजून परीक्षाच घेताय!" दुकानदार हसला. तो तिचाच जुना विद्यार्थी.

डॉक्टरांना फोन करून तिने होकार घेतला, तेव्हाच नवं पाकीट पिशवीत टाकलं. वाटेत सोबतच्या लेकीला म्हणाली, "एकाच झाडाला गावोगावी वेगळं नाव. झाड तेच. समजलं का?"

शाळेतही ती हेच विचारायची. सगळा वर्ग 'हो बाई' म्हणून ओरडायचा. लेक तेवढी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. स्वतःच्या आईला बाई कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

जुन्या गोळ्या संपल्या, तरी अप्पा नव्या पाकिटाला हात लावेनात. "ती सांगती तर घेतली असती. तू कुठली बाई लागून गेलीस?"

लेकीने वाद घातला नाही. आई फुलांचे पुंकेसर बघायची ते भिंग काढलं आणि दोन्ही पाकिटं खिडकीतल्या उजेडात शेजारी शेजारी ठेवली. अप्पा वाकले. ओठ हलवत एकेक अक्षर ताडून पाहू लागले.

मग तिने स्वतः पाहिलं, आणि बघतच राहिली. एक पाकीट लाल, एक फिकट निळं. कारखाने वेगळे, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं. आणि आत तोच, डोळ्यांना न दिसणारा कण, अप्पांच्या छातीतला ठोका सांभाळणारा. केवढं हे! आणि आई रोज उठून, खडूने हात पांढरे करून, हेच दाखवत होती.

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. गोळी गेली.

तिने भिंग पुसून आईच्या टेबलावर ठेवलं. खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीसमोर ती सरळ उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

"हो बाई," ती मोठ्याने म्हणाली. "समजलं."