मुकुटाखालची रेघ

टोपीचा बिल्ला हातात पडला की बाई आधी त्याला उपडा करायच्या. "तोंडाने सगळेच साजरे दिसतात, पाठ दाखवा," म्हणायच्या. जुन्या ब्रिटिश पलटणींचे बिल्ले खरे की बनावट, हे सांगण्यात त्यांची उभी हयात गेली होती. खाली धाकट्या भावाचं जुन्या वस्तूंचं दुकान, वर यांची कामाची खोली. खिडकीला टेबल, त्यावर दिवा, भिंग आणि वह्यांची चळत. बाजारात त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत, आणि त्यांनी 'बनावट' म्हटलं की विषय संपला.

त्या दिवशी एका संग्रहालयाकडून खोकं आलं. आत कसरीने खाल्लेली लष्करी टोपी, बिल्ला अजून तिच्यावरच. एका अधिकाऱ्याची मोहोरबंद ट्रंक नुकतीच उघडली होती, त्यातून ती निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. म्हणजे बिल्ला खरा, यात शंकाच नको. फक्त वर्णन लिहून द्यायचं होतं.

बाईंनी भिंग लावलं. मुकुट, खाली दोन तिरप्या तलवारी. मुकुटाच्या डाव्या कडेपासून खाली गेलेली केसाएवढी बारीक, उठावाची रेघ. त्यांनी बिल्ला अलगद उलटा केला. पाठीला कड्या नव्हत्या, टोपीत खोवायची उभी पट्टी होती.

अगदी असाच बिल्ला बाईंनी पूर्वी पाहिला होता.

त्यांनी वह्या उपसल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत त्यांच्याच अक्षरात होतं: 'मुकुटाखाली ओतकामाची सांध, म्हणजे ठशाने दाबलेला नाही, साच्यात ओतलेला. पाठीला पट्टी; या पलटणीला कड्या असतात. बनावट.' पुढे एका शिंप्याचा पत्ता.

भाऊ चहा घेऊन वर आला आणि दारातच थबकला. "ताई, काय गं? चेहरा पांढराफटक पडलाय तुझा."

"ती सांध नव्हती रे. खरे बिल्ले दाबायचा ठसाच तडकला होता. पट्टीचंही चुकलंच माझं. तडकलेल्या ठशाने जेवढे बिल्ले दाबले, तेवढ्यांवर ही रेघ उठली असणार. आणि मी त्या माणसाला पाच मिनिटांत वाटेला लावलं."

"होते चूक एखादी. पत्र टाक."

"पत्र नाही. जाते."

शिंप्याचं घर दोन बस बदलून सापडलं. दार त्याच्या सुनेने उघडलं. आत खिडकीपाशी ऐंशी पार केलेला म्हातारा उसवलेली पँट मांडीवर घेऊन बसला होता. त्याने बाईंना लगेच ओळखलं.

"तुम्ही? आता आणखी काय खोटं निघालं आमच्याकडे?"

बाईंनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विरून गेली. "तुमच्या वडिलांचा बिल्ला खरा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. "चुकले मी."

म्हाताऱ्याची सुई हवेतच राहिली. सुनेने खुर्ची पुढे केली, पण बाई उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला सांगतो," तो म्हणाला, "बाबा सहा वर्षं बाहेर होते. पत्र नाही, काही नाही. परत आले ते हा बिल्ला घेऊन. पलटणीत होतो, म्हणाले. त्या एवढ्याशा पितळेवर आईने त्यांच्यावर विश्वास ठेवला. गावभर लोक काय काय बोलायचे, तिने सगळ्यांची तोंडं बंद केली. तुमच्याकडून परत आलो तेव्हा ती नव्वदीची होती. तुम्ही म्हणालात ते मी मूर्खासारखं तिला सांगून टाकलं."

"मग?"

"मग काय! एकच विचारलं तिने. 'बिल्ला खोटा, तर सहा वर्षं तुझे बाबा कुणाकडे होते रे?' त्यानंतर तिने बाबांचं नाव काढलं नाही. चार महिन्यांनी गेली."

बनावट म्हटल्यावर लोक चिडताना बाईंनी पाहिले होते, रडतानाही. पण आपला एक शब्द कुणाच्या घरात एवढा आत शिरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सुनेने शिवणयंत्राच्या खणातून, बटणांच्या डब्यातून बिल्ला काढून आणला. बाईंनी भिंग लावलं. तीच रेघ, त्याच जागी. मग त्यांनी भिंग म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. हा एका अधिकाऱ्याच्या मोहोरबंद ट्रंकेतून निघालेल्या खऱ्या बिल्ल्याचा फोटो, हा तुमचा."

तो बघत राहिला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"मला माफ करा," बाई म्हणाल्या.

"ते काही माझ्या हातात नाही," म्हातारा म्हणाला. "तो हक्क आईचा होता, ती गेली. लिहून द्या मात्र. सही ठळक करा. नातवंडं आहेत माझी."

बाईंनी तिथेच, शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. सही पुरेशी ठळक आली नाही, म्हणून दुसरा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या वर जाऊन बसल्या. भाऊ आला तेव्हा सगळ्या वह्या जमिनीवर पसरल्या होत्या आणि बाई 'बनावट' हा शब्द शोधत पानामागून पान उलटत होत्या.

"किती झाले, ताई?" त्याने घाबरतच विचारलं.

"अजून पहिल्याच वहीत आहे," त्या म्हणाल्या. "दिवा जरा इकडे सरकव."