फिरकी

आईच्या कानांतल्या खड्यांची जोडी तिच्यामागे आम्ही भावंडांनी वाटून घेतली; एक ताईला, एक मला. माझा खडा घालता यावा म्हणून मी कान टोचून घेतला. पुढच्या महिन्यात ताई येणार होती, आणि तिला तो माझ्या कानात दिसावा एवढीच माझी इच्छा होती. मी मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार मला चटकन दिसतो. स्वतःच्या कानाची मागची बाजू मात्र दिसत नाही.

खडा हरवेल या धास्तीने मी मागची फिरकी रोज थोडी घट्ट करीत असे. तिसऱ्या आठवड्यात कानाची पाळी लाल झाली, मग गरम; उशीवर पिवळे डाग पडू लागले. मी स्पिरिट लावले, वाढलेल्या केसांनी कान झाकला आणि गप्प राहिलो.

केस डोळ्यांवर आले तेव्हा नाइलाजाने सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्या काकांनी अर्ध्या डोक्याचे केस कापून झाल्यावर एका बोटाने माझा कान हळूच पुढे दुमडला, आणि कात्री थांबली.

"राजा, मागची फिरकी कुठाय?"

"आहे की."

"नाहीये."

"काका, उगाच फिरकी घेऊ नका माझी."

"मी कशाला घेऊ? तुझ्या कानानंच घेतलीय, पार गिळलीय! घरी ओढून काढू नकोस हं. भोक वरून मिटेल आणि पू आत राहील. ऊठ."

"पण अर्धेच केस..."

"अर्ध्या केसांनी कुणी मेलं नाही अजून. चल!"

समोरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पाळी बधिर करून फिरकी आणि खडा काढला. मग माझे कान त्यांनी दुसऱ्यांदा टोचले, ते शब्दांनी.

"स्पिरिट लावायला कुणी सांगितलं?"

मी शेजारी उभ्या काकांकडे पाहिले.

"याला कोण काय सांगणार?" काका म्हणाले. "त्यासाठी आधी यानं तोंड उघडायला हवं ना!"

"निर्जंतुक मीठपाणी, दिवसातून दोनदा. हात धुतल्याशिवाय कानाला हात नाही. गोळ्या पूर्ण घ्यायच्या. लाली पसरली किंवा ताप आला, तर लगेच इकडे."

"भोक राहील?" मी विचारले.

त्यांनी लांब दांडीचे साधे कानातले घातले. "राहील. पण हा खडा दोन-तीन महिने डबीत. आणि फिरकी सैल ठेव. सुजायलाही जागा लागते रे कानाला."

म्हणजे ताईला खडा डबीतच दिसणार होता. पण भोक उरणार होते.

उरलेले अर्धे केस कापायला आम्ही परतलो. काकांनी पुन्हा कान दुमडला, या वेळी अगदी कडेला धरून. लहानपणी कानामागे साबण राहिला का हे पाहायला आई असाच तो दुमडीत असे. तिच्यानंतर तिथे कुणी डोकावले नव्हते. आभार मानायला मी तोंड उघडले आणि एवढेच म्हणालो, "काका..."

"काय रे, दुखतंय?"

"नाही."

काकांनी आरशात क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"मग मान खाली घाल," ते म्हणाले.

मी ती कृतज्ञतेने खाली घातली.