शुक्रवारचा डाग

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, एका पॅनकेकच्या हॉटेलात, मागच्या दाराजवळ, ॲप्रनच्या खुंट्यांशेजारी मी टांगलेला असतो. कुणाला कधी कामावर यायचं, ते माझ्यावर लिहितात.

लिहिलेलं चटकन पुसलं जावं म्हणून कारखान्यात मला गुळगुळीत केलं. तोच माझा गुण, असं मी समजत होतो. मॅनेजर रँडल तर माझ्यावर बेहद्द खूश. गिऱ्हाईक वाढलं की तो नाव लिहायचा, घटलं की अंगठ्यानं पुसायचा. "काय गुणी फळा आहे!" म्हणायचा. मी फुगून जायचो.

वाढपाचं काम करणारी मारिसेला मात्र माझ्याकडे बघून कधी हसली नाही. ती रोज माझा फोटो काढायची आणि घरी पोचेपर्यंत तो खोटा ठरायचा. तिची लेक इत्झेल शाळेत गाते. "आई, शुक्रवारी येशील ना?" असं लेकीनं फोनवर विचारलं की हिचं एकच उत्तर, "बघू गं बाळा." माझ्या शुक्रवारच्या चौकटीत तिचं नाव इतक्यांदा लिहून पुसलं, की तिथे करडा डाग बसला. मला वाईट वाटायचं, पण चूक कुणाची ते कळायचं नाही.

मग एकदा रँडलनं दोन आठवड्यांच्या ड्यूट्या एकदम लिहून टाकल्या. "नवा कायदा आलाय," तो कुरकुरला. "आता ऐन वेळी बदल केला तर भरपाई द्यावी लागेल. शिवाय अशा बदलाला तुम्ही सरळ 'नाही' म्हणू शकता." डस्टर खणात गेलं. मी पार गोंधळलो. ज्याची शाबासकी मिळायची, तोच आता गुन्हा? मग मी चांगला की वाईट?

इत्झेलच्या गाण्याच्या शुक्रवारी मारिसेलाला सुट्टी होती. तरी ती दुपारी युनिफॉर्म घालून हजर!

"अगं बये, आज सुट्टी ना तुझी?" म्हातारा आचारी क्लिफ्टन ओरडला.

"होती. पण बदलली असेलच की."

"अगं, कायदा झालाय ना!"

"कायद्याला आपला रँडल कुठे माहितीये?"

तेवढ्यात रँडल आला. "देवासारखी आलीस! सगळी टेबलं भरलीत. आलीच आहेस तर थांब. तुझी मर्जी हं, मी जबरदस्ती करत नाही." त्यानं तिच्या हातात पेन दिलं. "तूच लिही तुझं नाव."

पेनाचं टोक माझ्या डागावर टेकलं. मित्रांनो, मला काहीच उमगेना. याला मर्जी म्हणायचं की सवय? ओरडावंसं वाटलं, पण फळ्याला आवाज कुठला!

"पोरीचं गाणं कधी आहे?" क्लिफ्टननं विचारलं.

"आत्ताच." मारिसेलानं पेनाला टोपण लावलं. "नाही," ती पुटपुटली.

"काय?" रँडलनं विचारलं.

"नाही थांबत मी!" आणि ती युनिफॉर्मवरच पळत सुटली.

मित्रांनो, पुसणं सोपं आहे म्हणून पुसू नका. नावाच्या पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. मी गुणी की अवगुणी, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या ड्यूट्या लागल्या तेव्हा मारिसेलानं सवयीनं माझा फोटो काढलाच. पण तिथेच उभी राहून तिनं लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "शुक्रवारी येते."