लांब बाह्यांचं पोलकं

मी जाड होते. छकड्यात मी बसले की दुसऱ्या कुणाला जागा नाही, आणि बैल आधी मागं वळून बघायचे, मग निघायचे. हे मी माझ्या तोंडानं सांगते आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याची जीभ हासडली असती.

आमची तापीकाठची शेती, सारंगखेड्याहून कोसभर. घरात चार म्हशी दुभत्या आणि मी थोरली सून. पाच बाळंतपणं झाली, थोरला मगन. दर खेपेला सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. बाळंतपणं थांबली तरी लाडवांची सवय काही थांबली नाही. भाकरीवर लोणी, वरणावर तूप, दुपारी गुळाचा खडा. अंग वाढत गेलं आणि मी वाढू दिलं. खात्यापित्या घरची बाई वाळकी दिसली तर लोक घराला नावं ठेवतात, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

मग एका हिवाळ्यात मोरीत माझ्या लघवीला मुंग्या लागायला लागल्या. शहाद्याच्या वैद्यबुवांनी नाडी बघितली, मुंग्यांचं ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "बाई, गोड सोडा, तूप सोडा आणि रोज पहाटे चाला. नाहीतर तुमच्या लेकाच्या लग्नात तुम्ही भिंतीवर फोटोत असाल." असला फटकळ माणूस मला आवडतो. मी घरी आले आणि गुळाचा डबा जावेच्या हवाली केला.

दोन वर्षं रोज नदीपर्यंत चालत गेले आणि चालत आले. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. पहिले सहा महिने मी सगळ्यांवर इतकी खेकसत होते की म्हशीसुद्धा मला बघून दूध चोरायच्या. पण अंग उतरलं. असं उतरलं, की मगनचा बाप एक दिवस जेवता जेवता माझ्याकडं बघून म्हणाला, "अर्धीच ऱ्हायनी तू. बाकीनी कोठे गयी?"

बाकीची कुठं जाणार? मांस गेलं, पण कातडं राहिलं की! ते कुणी वैद्यानं सांगितलं नव्हतं. पोटाची कातडी पुढं लोंबायला लागली. रोज सकाळी ती गोळा करून लुगड्याच्या निऱ्यांआड कोंबायची, हे माझं नवं काम होऊन बसलं. उन्हाळ्यात घड्यांमध्ये घाम साचून आग व्हायची. मग जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्या घड्यांत ठेवायच्या, आणि रात्री गोवरीची राख वस्त्रगाळ करून लावायची. बायकांनी उपाय तर इतके सांगितले की ऐकता ऐकता कान किटले. तिळाचं तेल चोळ, तुरटीच्या पाण्यानं न्हा, हळद लाव. सगळं केलं. मी पिवळी झाले, कातडी होती तिथंच राहिली.

सगळ्यात वाईट दंड. दंडाखाली कातडीची ही एवढी झोळी. हात खाली असला तर पदराआड जायची, पण हात वर केला की संपलं. आणि मला तर हात वरच करायचे होते. त्यासाठीच दोन वर्षं तोंड बांधून चालले होते मी.

वैद्यबुवा म्हणतील मी जिवासाठी चालले. खोटं कशाला बोलू? मी कानबाईसाठी चालले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, डोळे लावायचे, खण नेसवायचा, पाटावर बसवून पुजायचं. सोमवारी सकाळी तो पाट डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, नाचत नदीवर बोळवायला न्यायचं. पाट उचलायचा मान थोरल्या सुनेचा. उंबऱ्यातून निघाल्यापासून नदी येईपर्यंत दोन्ही हात वर, पाटाला धरून. हात खाली आला की अपशकुन.

नवी नवरी असताना मी तो नेला होता. पुढं अंग वाढलं. एका वर्षी पाट घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेवर, पिंपळापाशी, छाती अशी भरून आली की मी देवीला मांडीत घेऊन रस्त्यातच फतकल मारून बसले. वाजा बंद. सगळा गाव बघतोय. तेव्हा धाकटी जाऊ दगूबाई पुढं झाली, पाट उचलून डोक्यावर घेतला आणि निघाली. त्यानंतर नऊ वर्षं तिनंच नेला. मला कुणी काही बोललं नाही. पण श्रावण आला की मी मागं, घोळक्यात, हळदीकुंकवाचं ताट घेऊन चालायचे. त्या ताटाचा मला इतका राग होता की एकदा चुलीत घालावंसं वाटलं होतं.

तर त्या वर्षी, सन छत्तीस असेल, आषाढातच मी सासूबाईंना सांगितलं, "माय, औंदा कानबाई मी लई जासू."

फुलवंताबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या कमी बोलायच्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "जाय."

दगूबाई शेजारीच पीठ चाळत होती. तिची चाळणी थांबली. मला वाटलं, हिला राग आला. येणारच की, नऊ वर्षांचा मान कोण सोडतो?

मी परसात सराव सुरू केला. डोक्यावर पाट, पाटावर पाण्याचा तांब्या, हात वर, आणि केळीपासून गोठ्यापर्यंत फेऱ्या. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून कमलीबाई डोकावली. या बाईला देवानं दोन डोळे दुसऱ्यांच्या घरात बघायला दिले आहेत. ती माझ्या दंडांकडं बघत राहिली आणि मग फिस्सकन हसली.

"काय व भिकुबाई, हातले झोया बांधेल शेत का?"

तांब्या खाली आला. पाणी सगळं माझ्या अंगावर. मी कमलीबाईला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण घरात येऊन मी आरशासमोर हात वर केला आणि मला रडू आलं. खरंच झोळ्या होत्या. उद्या वाज्याच्या ठेक्यावर त्या हलणार, आणि अख्खा गाव देवीकडं न बघता माझ्या झोळ्यांकडं बघणार. जाडी होते तेव्हा हसले, आता बारीक झाले तरी हसणार. मग मी गूळ सोडला कशाला?

तेव्हा मला शहाद्याच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीणबाई आठवली. ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. आमच्यात तेव्हा सगळ्या आखूड चोळ्या. पण म्हटलं, ठरलं! घट्ट, लांब बाह्यांचं पोलकं शिवायचं. सगळं कातडं आत कोंबायचं आणि वरून टिपेनं बंद.

आमच्याकडं शिंपी बायकांच्या अंगाला माप लावत नसत. घरीच दोऱ्यानं माप घ्यायचं, दोऱ्याला गाठी मारायच्या आणि तो दोरा शिंप्याला द्यायचा. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून एकटीच बसले. हात मांडीवर ठेवला, दंडाला दोरा गुंडाळला, कातडी सगळी दाबून आवळला आणि गाठ मारली. खांद्यापासून मनगटाची एक गाठ, काखेची एक.

शहाद्याचा वाहरू शिंपी, मशीनवाला. त्यानं दोरा हातात धरून बघितला, मला बघितलं, परत दोरा बघितला.

"माय, काखमा दोन बोटं जास्ती ठेवू का? हात वर व्हवाले पाहिजे."

"तुले शिवाले सांगं. शिकाडाले नही."

दोरा खिशात घातला बिचाऱ्यानं. मी म्हटलं ना, माझं तोंड असं आहे.

पोलकं आलं. जांभळं, बारीक सोनेरी बुट्ट्यांचं. पण घालून बघायची सोय नाही, कारण देवी नेणारीच्या अंगावरचं वस्त्र कोरं लागतं. आधी अंगाला लागलेलं चालत नाही, आमच्या घरची तशी रीतच आहे. मी ते पेटीत ठेवलं आणि रोज एकदा उघडून बघितलं.

सोमवार उजाडला. न्हाऊन मी पोलकं अंगात घातलं. बाह्या चढवायला दगूबाईला बोलवावं लागलं. तिनं ओढून ओढून चढवल्या आणि पुढची गाठ मारून दिली. आणि काय सांगू! माझे दंड सोळा वर्षांच्या पोरीसारखे दिसत होते. कुठं झोळी नाही, कुठं सुरकुती नाही. मी ओसरीवर आले तर बायका बघतच राहिल्या. कमलीबाईचं तोंड इतकं बारीक झालं की माझ्या दोन वर्षांच्या उपासाचं चीज झालं.

वाजा सुरू झाला. सासूबाईंनी कानबाईचा पाट उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला. मी हात वर केले.

हात कानापर्यंत आले आणि थांबले.

पुढं जाईनात. काखेत पोलकं दोरखंडासारखं आवळलं. मी जोर लावला, तसा पाट एका बाजूला कलला. देवीची नथ हलली, नारळ घसरला, आणि "माय व!" म्हणून सगळ्या बायका ओरडल्या. मागून दोन हात आले आणि पाट झेलला. दगूबाईचे हात.

वाजा थांबला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. दगूबाई पाट छातीशी धरून उभी होती. नऊ वर्षांची सवय तिला, नुसते हात वर करायचे आणि निघायचं. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं पण, "दगूबाई, तूच ली ले व. लोक खोळंबना शेत."

दगूबाई जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि वाट बघत होती. तेव्हा मला कळलं की काय करायचं ते मलाच करायचं आहे. बाह्या ठेवायच्या तर देवी जाते. देवी घ्यायची तर बाह्या जातात, आणि कातडी गावासमोर येते. माझे कान तापले. इतकी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

पण मी गावाला दाखवायला गूळ सोडला होता की देवी न्यायला?

"कमलीबाई!" मी हाक मारली. "आठे ये. धर ही बाही. फाड."

"मी?"

"तूच. तुले मन्हा हातनी भारी काळजी ना? फाड, नही तं हातले झोया काय, तुन्हा तोंडले कुलूप बांधसू!"

कमलीबाई आली. तिनं खांद्याची शिवण दातानं धरली, तोडली आणि ओढली. वाहरूची टीप मोठी चिवट, तरी चर्रर्र करून बाही निघाली. मग दुसरी. माझे दोन्ही दंड सकाळच्या उन्हात उघडे पडले. कुणी हसलं का? हसलं असेल. मी बघितलं नाही. मी हात वर केले, ते सरळ वर गेले आणि दगूबाईनं पाट माझ्या डोक्यावर ठेवला.

मी वाजावाल्यांवर ओरडले, "काय देखी ऱ्हायनात? वाजाडा!"

निघाले. दारोदारी बायका पायांवर पाणी घालत होत्या, देवीला कुंकू लावत होत्या. पिंपळ कधी आला आणि मागं पडला, मला कळलंही नाही. ठेका असा धरला होता की पाय आपोआप पडत होते. दंडाची कातडी ठेक्यावर हलत होती, हो, हलत होती! सुरुवातीला चार पावलं मला तेवढंच जाणवलं. मग मी नाचायला लागले आणि ती पण माझ्याबरोबर नाचायला लागली. श्वास मोकळा होता, देवी डोक्यावर पिसासारखी हलकी होती, आणि मी इतकी खूश होते की नदी आणखी कोसभर लांब असती तरी चाललं असतं.

तापी भरून वाहत होती. काठाच्या उथळ पाण्यात आम्ही कानबाईला बोळवलं. पाट डोक्यावरून उतरला, पण माझे हात उतरेनात. इतका वेळ वर राहून ते काठीसारखे ताठ झाले होते. मी पाण्यात उभी, दोन्ही हात आभाळाकडं, आणि खाली येत नाहीत.

दगूबाई पाण्यात उतरली. तिनं एक हात धरला, हळूच खाली आणला आणि दंड चोळायला लागली. ती झोळी तिनं दोन्ही हातांत घेतली. तोवर माझ्याशिवाय त्या कातडीला कुणी हात लावला नव्हता. मी कुणाला लावू दिलाच नव्हता, मगनच्या बापालासुद्धा.

"सोड व," मी म्हटलं. "घान दिसस."

ती चोळतच राहिली. मग म्हणाली, "बाई, नऊ वरीस मी देवी लई गयू. दर वरीसले तुमनं तोंड देखाले माले धीर नही व्हये." आणि माझा दंड गालाला लावून म्हणाली, "कितलं मऊ शे व हाई!"

मी रडले. भर नदीत, सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं रडले. दगूबाईनं दुसराही हात खाली आणला, आणि तो चोळून होईपर्यंत मी तो ओढून घेतला नाही.