पाचशे मीटर, पण कुठून?

लहानपणापासून पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आता ती कॉलेजात गेली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. त्या सकाळी भिंगरीला गणिताचा पेपर दुसऱ्यांदा द्यायचा होता, आणि परीक्षा तलावाच्या पलीकडच्या तीरावर होती.

पहिल्या खेपेला तिची दांडी उडाली ती इंटिग्रेशनमुळे. जमायचं नाही असं नव्हतं. एक्सचं इंटिग्रेशन एक्सवर्ग भागिले दोन, हे तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण उत्तराच्या शेवटी 'अधिक सी' लिहायला ती हटकून विसरायची, आणि सर हटकून मार्क कापायचे.

"अगं, डेरिव्हेटिव्ह घेताना स्थिर संख्या गळून पडते," सर जीव तोडून सांगायचे. "एक्सवर्ग अधिक पाच घे, नाहीतर एक्सवर्ग अधिक सत्तर घे. दोघांचंही डेरिव्हेटिव्ह दोन एक्सच. मग दोन एक्सवरून मागे जाताना तिथे पाच होते की सत्तर, हे तुला कोण सांगणार? म्हणून सी लिहायचा."

भिंगरीला हे पटायचं, पण भिडायचं नाही. तिच्या लेखी तो सी म्हणजे सरांची नसती हौस होती.

तिचे धाकटे काका तलावावर लाँच चालवत. सकाळची पहिली फेरी त्यांचीच. त्या दिवशी धक्क्यावर भिंगरी आणि एक शिंपी, एवढे दोघेच प्रवासी होते. शिंप्याच्या मांडीवर कुणा नवऱ्या मुलाचा नवाकोरा कोट होता, आणि तो त्याला तान्ह्या बाळासारखा सांभाळत होता.

"काका, धुकं येतंय," भिंगरी म्हणाली.

"येऊ दे की. आपण काय त्याच्या वाटेत उभे आहोत?" काकांनी इंजिन सुरू केलं.

धुकं आलं ते असं, की आधी समोरचा तीर गेला, मग मागचा धक्का, मग लाँचचं नाक. पाणी आणि आकाश यांच्यातली शिवणच उसवून गेली. कुठून तरी एक पांढरा पक्षी आला, कठड्यावर बसला, आणि उडाला तेव्हा धुक्याचाच एक तुकडा सुटून गेल्यासारखा वाटला. भिंगरी परीक्षाबिरीक्षा विसरून बघत राहिली.

एवढ्यात इंजिनाला खोकला लागला. चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. वेगाचा काटा भूत संचारल्यासारखा नाचला. मग इंजिन एकदम गप्प झालं आणि लाँच आपल्याच नादात हळूहळू वाहत, वळत, कशीबशी थांबली.

"डिझेलमध्ये कचरा," काका म्हणाले आणि खाली वाकले.

"किती वेळ लागेल?" शिंप्याने कोट छातीशी धरून विचारलं. "तिकडे नवरदेव बनियनवर बसलाय."

"त्याला म्हणावं, आज हवा छान आहे."

गाळणी साफ झाली, इंजिन पुन्हा घुरघुरलं. काकांनी होकायंत्र पाहून लाँच सरळ केली. एरवी अशा धुक्यात ते हललेही नसते. पण पुतणीचा चेहरा बघून त्यांना राहवेना. "इंजिनाला एकदम जोर दिला तर पुन्हा गुदमरेल," ते म्हणाले. "बेताबेताने वेग वाढवतो. तू घड्याळ आणि काटा बघ."

काटा अगदी शहाण्यासारखा चढत होता. पहिल्या मिनिटाच्या शेवटी वेग मिनिटाला दहा मीटर, दुसऱ्याच्या शेवटी वीस, तिसऱ्याच्या शेवटी तीस. भिंगरीला आपोआप सुचलं: वेग दहा टी, टी म्हणजे झालेली मिनिटं. वेगावरून अंतर काढायचं म्हणजे उलटं जायचं. असं काय होतं, ज्याचं डेरिव्हेटिव्ह दहा टी आलं? पाच टीवर्ग. तिला स्वतःचीच मौज वाटली. गणित असं पाण्यावर उघडं पडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"काका, दहाव्या मिनिटाला आपण पाचशे मीटर आलेलो असू."

काकांनी धुक्यातली नजर काढली नाही. "कुठून?"

"म्हणजे?"

"पाचशे मीटर कुठून, पोरी? इंजिन बंद पडलं तेव्हा आपण कुठे होतो? धक्क्यापासून चारशेवर? सहाशेवर? पुढे खडकांची रांग आहे. मला तेवढंच कळायला हवंय."

भिंगरीने पुन्हा काट्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे धुकं जरा विरळ झालं. तिला दिसलं, की तलावावर एक लाँच नाही, अनेक आहेत. एकामागे एक, हव्या तेवढ्या. सगळ्यांचा वेग एकच, सगळ्यांचे काटे एकसारखे चढताहेत. प्रत्येकीत एक काका, एक शिंपी, मांडीवर कोट, आणि डोळे मिटून बसलेली एक मुलगी. प्रत्येक मुलीचं गणित बरोबर. पुढच्या लाँचमधली खडकाला टेकत आली होती, मागचीला अजून कितीतरी अवकाश होता. यातली मी कोणती? तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट इतक्या जणी सोबत आहेत याचं काहीतरी मऊ, उबदार वाटत राहिलं. सरांचा सी हाच, हे तिला कुणी न सांगता कळलं.

"ऐका," शिंपी अचानक म्हणाला. त्याचे कान मशीनच्या आवाजाला सरावलेले. "काहीतरी घुमतंय."

उजव्या हाताला, धुक्याच्या पोटातून, संथ घूं ऐकू येत होतं. तलावाच्या पाण्यात उभं असलेलं पंपघर. तिथला पंप दिवसरात्र चालायचा. आवाज पुढून आला, अगदी बाजूला आला. भिंगरीने घड्याळ पाहिलं. बरोबर दहावं मिनिट संपत होतं.

काकांच्या केबिनमधल्या फळीवर धक्क्यापासूनची अंतरं रंगवलेली होती. पंपघर अकराशे मीटर. खडक तेराशे वीस.

बाकीच्या लाँच एकेक करून विरून गेल्या. उरली एकच.

"काका, आपण सहाशेवरून निघालो होतो! पाचशे आलो आणि पंपघर अकराशेवर. म्हणजे सहाशे!"

"बरं. मग खडक कधी? नेहमीचा वेग असता तर मी डोळे झाकून सांगितलं असतं. आज वेग सारखा वाढतोय, माझा अंदाज चालायचा नाही. तू सांग."

पाच टीवर्ग अधिक सहाशे बरोबर तेराशे वीस. पाच टीवर्ग सातशे वीस. टीवर्ग एकशे चव्वेचाळीस.

"बारा! अजून दोन मिनिटं. पण एक झालं की बंद करा, बाकी वाहत जाऊ."

काकांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि तिने सांगितलेलं एक मिनिट भरताच इंजिन बंद केलं. मग फक्त पाण्याची सळसळ. काका बांबू घेऊन पुढे उभे राहिले. लाँच मंद होत होत सरकत गेली, आणि मग धुक्यातून काळ्या, ओल्या पाठी वर आल्या, पाण्यात बसलेल्या म्हशींसारख्या. बांबू खडकाला हलकेच टेकला. काकांनी रेटा देऊन लाँच डावीकडच्या खिंडीतून काढली.

"वा!" शिंपी म्हणाला, आणि त्याने कोटाची घडी नव्याने घातली.

भिंगरी पोचली तेव्हा पेपर अर्ध्यावर आला होता. पर्यवेक्षकबाईंनी तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि काही न विचारता बसू दिलं. जेवढं झालं तेवढं तिने शांतपणे सोडवलं. वेळ संपली तेव्हा दोन प्रश्न कोरे होते.

संध्याकाळी परतताना आभाळ लख्ख होतं. दोन्ही तीर दिसत होते, आणि तलाव अगदीच एवढासा वाटत होता.

"पास होशील?" काकांनी विचारलं.

"नाही वाटत. पुन्हा बसेन."

"बस की. लाँच काय, रोजच जाते."

भिंगरीने पाण्यात हात सोडला. पाणी कोमट होतं. अंतर सगळं डोळ्यांसमोर मोकळं पसरलं होतं, आणि तिला मनापासून वाटत होतं, की थोडं धुकं पडावं.