दांडी पीवर होती

उस्तादांनी बत्तीस वर्षं बस चालवली आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. डेपोतली माणसं त्यांना उस्ताद म्हणत, पुढे घरीदारी तेच नाव रुळलं. फक्त सून बाबा म्हणे आणि आठ वर्षांची नात आजोबा. निवृत्तीनंतर डाव्या गुडघ्याची वाटी बदलावी लागली. डॉक्टर म्हणाले, चाला-फिरा, पण क्लच विसरा. म्हणून उस्तादांनी बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी शोधली. आणि शोधली तीही कसली, तर लाल, दोन दारांची, जमिनीला पोट घासत पळणारी स्पोर्ट्स कार. एका फोटोग्राफरने बारा वर्षं वापरलेली. जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाने फोनवरच कपाळाला हात लावला. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती एकदा गाडीत बसली आणि म्हणाली, आत शिरणं ठीक आहे, पण बाहेर काढायला दोर सोडावा लागेल. उस्ताद त्यावर दोन दिवस हसत होते.

गाडीला खोडी होत्या. सकाळी थंड असताना गिअरची दांडी डीवर, म्हणजे ड्राइव्हवर, आणली की गाडी काही क्षण ढिम्म उभी राही, मग मागून कुणी लाथ घालावी तशी पुढे उसळे. उस्ताद मनात 'एक, दोन' म्हणत आणि ब्रेक धरून ठेवत. तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतंच ओरडे, चाकांना जोर मिळत नसे. दांडीही अलीकडे सैल लागत होती, पडायला आलेल्या दातासारखी. पण जुनी बसही अशीच नखरे करायची, असं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

मग एका सकाळी ते बाहेरून आले, इमारतीच्या आवारात गाडी घेतली, दांडी पीवर, म्हणजे पार्किंगवर, टाकली आणि इंजिन चालूच ठेवून फाटक लावायला उतरले. चार पावलं गेले असतील. मागे खडी करकरली. वळून पाहतात तर गाडी उलटी येत होती, आत कुणी नसताना, सावकाश, त्यांच्याच दिशेने. ते बाजूला झाले, उघड्या दारातून कसेबसे आत पडले आणि हाताने ब्रेक दाबला. मागचा बंपर फाटकापासून वीतभर लांब थांबला.

त्यांनी दांडीकडे पाहिलं. ती पीवर होती. पण आत पडताना आपला हात लागून ती पुढे सरकली असेल तर? आपण मुळात ती आरवर, रिव्हर्सवरच ठेवून उतरलो असू तर?

आवारात कुणी नव्हतं. उस्तादांनी गाडी पुढे जागेवर नेली, हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं, फाटक लावलं आणि वर जाऊन चहा घेतला.

त्या दिवसापासून त्यांना एक जुनी गोष्ट आठवत राहिली. डेपोत त्यांच्या वरचे एक इन्स्पेक्टर होते, मोठा हुशार माणूस. त्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या हरवू लागल्या, मग रोजचे रस्ते, आणि शेवटी बायकोलाच विचारू लागले, बाई, तुम्ही कोण? उस्ताद रात्रंदिवस स्वतःवर पहारा ठेवू लागले. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, औषध घेतलं का. भाजीवाल्याचा चेहरा आठवेना तर खाली जाऊन तो पाहून येत. गाडीत बिघाड असेल तर दुरुस्त होईल, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच ते गाडी कुणाला दाखवत नव्हते. मेकॅनिकने तपासून गाडी अगदी ठणठणीत आहे म्हटलं तर मग काय उरलं असतं?

त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले. दांडी पीवर टाकली की मोठ्याने 'पी' म्हणायचं, आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय पाय बाहेर काढायचा नाही.

दहा-बारा दिवसांनी सुनेचा दुपारी फोन आला. लॅबमध्ये काम वाढलं होतं, नातीला पोहण्याच्या क्लासहून आणाल का, असं ती विचारत होती. नाही म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं, पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागलं असतं. ते गेले.

नातीला घेऊन परतताना तिला वह्या घ्यायच्या होत्या. दुकानाच्या इमारतीत गाड्या वरच्या मजल्यावर लावायच्या. चढाच्या मध्यावरच तिकिटाचं यंत्र होतं. गाडी इतकी बुटकी की खिडकीतून हात यंत्राला पोचेना. मागे एक डिलिव्हरी व्हॅन येऊन थांबली आणि लगेच हॉर्न वाजवू लागली. उस्ताद गडबडले. त्यांनी दांडी पीवर टाकली, 'पी' म्हणाले, दार उघडलं आणि उजवा पाय बाहेर टाकून तिकिटाकडे हात लांबवला. हँडब्रेक राहून गेला.

गाडी मागे सरकली.

आधी इतकी हळू, की यंत्रच पुढे जातंय असं वाटलं. मग उताराने वेग दिला. दाराने त्यांच्या खांद्याला धक्का दिला, बाहेरचा पाय फरफटला, बूट निघून गेला. आत नात पट्टा लावून बसली होती, ओले केस टॉवेलात बांधलेले. मागच्या व्हॅनचा हॉर्न आता थांबत नव्हता. डावा गुडघा वाकेना. उस्तादांनी सगळं अंग आत झोकून दिलं, नातीच्या मांडीवर डोकं आपटलं आणि हाताला लागला तो हँडब्रेक जीव खाऊन ओढला. टायर किंचाळले. काही तरी फुटल्याचा आवाज आला आणि गाडी थांबली.

व्हॅनचा दिवा फुटला होता. व्हॅनवाला शिव्या देतच उतरला, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून गप्प झाला. त्याने आधी नातीला बाहेर काढलं, मग चाकांमागे दगड लावले, मग बूट आणून दिला.

नात रडली नाही. कडेला उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, दांडी पीवर होती. तुम्ही पी म्हणालात ना, तेव्हा मी बघितलं."

उस्तादांनी तिला पुन्हा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की. त्यावर ते तिथेच खाली बसले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले. मग ती घाबरली.

सून रिक्षाने आली. पोरीला नखशिखांत चाचपून झाल्यावर तिने उस्तादांच्या पायाची जखम पाहिली, जवळच्या बाटलीतल्या पाण्याने धुतली. गाडी ओढून गॅरेजला नेली, तेव्हा तीही पोरीला घेऊन सोबत आली.

मेकॅनिक बाई होती, पन्नाशीची, चष्मा केसांवर चढवलेला. गाडीखाली पाच मिनिटं गेली आणि तळहातावर प्लास्टिकचा चुरा घेऊन आली. दांडीपासून गिअरच्या पेटीपर्यंत एक केबल जाते, तिच्या टोकाचं हे बूच, म्हणाली. ते झिजून फुटलंय. दांडी पीवर पोचते, पेटी मात्र आधीच्या आरवरच अडकते. वर पेटीतलं तेल जुनं, म्हणून गिअर पकडायला तिला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस निवांत उतरतो आणि मग गाडी चालू लागते.

उस्तादांनी आवारातला प्रसंग सांगितला. पहिल्यांदाच, सुनेच्या देखत. तिथेही असंच झालं असेल का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, असंच झालं असणार. दांडी किती तरी दिवस सैल लागत असेल, तेव्हाच आणायला हवी होती.

सुनेने नातीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि परत आली. "गाडीचं मला कळलं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही गप्प का राहिलात? ती आत बसली होती."

"मला वाटलं, मीच बिघडलोय," उस्ताद म्हणाले. "गाडी दाखवली असती, तर ते ठरून गेलं असतं."

तिने फुटलेलं बूच हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, लॅबमध्ये रोज माणसं येतात, सुई टोचू देतात आणि रिपोर्ट न्यायला येतच नाहीत. आम्ही फोन करून करून थकतो. आपल्या घरातही तसलाच एक आहे, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तीच त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चढावर भीती वाटायला वेळ तरी कुठे मिळाला होता. इथे पाऊण तास बाकावर बसायचं होतं. उस्तादांच्या शर्टाची पाठ भिजली. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. उस्तादांना चार आठवले. घड्याळ बरोबर काढलं, तारीख बरोबर सांगितली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम, वर्षाने पुन्हा या. पाचवा शब्द कोणता होता, ते उस्तादांनी विचारलं नाही. जिना उतरताना त्यांनी आपण होऊन सुनेचा हात धरला.

गाडी दुरुस्त होऊन आली. बूच नवं, तेल नवं. आता ती उसळत नाही. उस्ताद ती चालवतात, पण एकटेच. नातीला गाडीत बसवायचं नाही, हे सुनेने सांगण्याआधी त्यांनीच सांगून टाकलं. नातीने त्यावर चार दिवस अबोला धरला. आता क्लासच्या दिवशी दोघं बसने जातात. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, तर उस्ताद तिथे बसतात आणि चढ आला की त्यांचा उजवा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबला जातो.