अकरा उजवे पाय

पैज लागली शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर. शिंपी म्हणजे आमचा शेजारी. रोज सकाळी तळ्याला फेरी मारणार आणि दिसेल ते वहीत उतरवणार. खंड्या दोन, मुंगूस एक, घोरपड अर्धी. अर्धी का, तर बाकीची बिळात होती म्हणे.

"या तळ्यावर घोरपडीपेक्षा मोठं जनावर नाही," तो म्हणाला. "वीस वर्षं बघतोय."

"आठ दिवसांत दाखवतो."

"आणि नाही दाखवलंस तर?"

"तर शेपटी लावून दूधकेंद्रावर, सगळ्या रांगेदेखत, चार पायांवर म्याव म्याव करत एक फेरी. शेपटी तूच शिव."

प्लंबर साक्षीदार झाला. टाळ्या पडल्या.

आता माझा धंदा रबरी शिक्के करायचा. दुपारी जाड रबराचा तुकडा घेतला आणि तळहाताएवढा पंजा कोरला. चार बोटं, मागे गादी, नखं नाहीत. शिंप्याच्याच वहीत वाचलं होतं, मांजराच्या जातीची नखं चालताना उमटत नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काठच्या चिखलात ठसे मारत सुटलो. हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं. शेवट रंगला पाहिजे म्हणून ठसे थेट पंपघराच्या उघड्या दारापर्यंत नेले.

तिथंच माती खाल्ली.

वॉचमनने ठसे बघितले, आत काहीतरी खुडबुडलं ते ऐकलं, दार ओढून कुलूप ठोकलं आणि बोंब मारली, "बिबट्या!" शिंपी धावत आला, उकिडवा बसला आणि एकेक ठसा वहीत काढून घेतला. मी म्हटलं, उद्या सांगू. आज जरा मजा बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे. पंप आत, बिबट्या आत, चार इमारतींच्या टाक्यांत टिपूस नाही. जनावर पकडणारी माणसं परवा येणार होती. लोकांची डोकी फिरली.

गंमत बघायला निघालो आणि जाता जाता शिंप्याच्या घरात डोकावलो. वहिनी चिंध्यांच्या टोपलीपाशी बसल्या होत्या. टोपलीत त्यांच्या काजळी मांजरीची तीन पिल्लं, पाच दिवसांची, डोळेसुद्धा न उघडलेली. वहिनींच्या हातात ड्रॉपर.

"काजळी कालपासून घरी नाही हो भावजी. ही ड्रॉपरनं घेत नाहीत. धाकटं तर आता ओरडतही नाही."

"येईल की. जाते कुठं?"

"रोज उजाडताना पंपघरात जाते, उंदरांसाठी. त्या मेल्या बिबट्यानं खाल्लं असेल हो तिला."

चपला तिथंच टाकून पळालो.

पंपघरासमोर ही गर्दी. काठ्या, फावडी, कुकरचं झाकण. प्लंबर शिडीवर चढून झरोक्यापाशी, हातात धुमसणारं गोणपाट.

"धुरानं गुदमरला की पडेल गप. मग करतो पंप चालू."

"थांब!" मी ओरडलो. "बिबट्या नाही, काजळी आहे आत! ठसे मी मारलेत!"

हशा पिकला.

"आला, आला! नवा डाव!"

"लिफ्टमध्ये साप सोडला होता तोच ना हा? पाइप निघाला!"

"शप्पथ घेऊन सांगतो!"

"तुझी शप्पथ? मागच्या वेळी स्वतःच्याच मरणाची घेतली होतीस, आणि संध्याकाळी भेळ खात होतास!"

"शिक्का दाखव मग," वॉचमन म्हणाला.

शिक्का मी कालच गटारात फेकला होता. पुरावा नको म्हणून.

प्लंबरने गोणपाट आत कोंबलं. आतून काहीतरी दाणकन पडलं. गर्दी चार पावलं मागे सरली. दाराच्या फटीतून धूर यायला लागला. मी शिंप्याचा हात धरला.

"वही उघड. मी एकच पंजा कोरलाय, उजवा. डावा कोरायचा कंटाळा केला. बघ रे, तुझ्या पाया पडतो."

त्यानं वही उघडली. अकरा ठसे. सगळे उजवे, आणि तिसऱ्या बोटाखाली सगळ्यांना तोच एक टवका. कालपासून साऱ्या वस्तीला तो ही वही दाखवत हिंडत होता. आता तोंड उघडलं की त्याचंही हसं होणार होतं. तो वहीकडे बघत राहिला. धूर वाढत होता.

"बोल ना!"

त्यानं वही मिटली, शिडी धरली आणि गदागदा हलवली.

"उतर खाली! बिबट्या काय लंगडी घालत आला का? मी गाढव ठरलोय, बास? वॉचमन, किल्ली आण!"

वॉचमनने किल्ली लांबूनच फेकली. दार मी उघडलं, माझ्या बाजूला कुणी उभं राहीना. आत डोळे झोंबून काही दिसेना. गुडघ्यांवर रांगत पंपामागे हात घातला. मऊ लागलं. हलेना. ओढलं तर कोपरापर्यंत चार ओरखडे बसले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

शर्टात गुंडाळून पळालो. काजळी खोकत होती. वहिनींनी तिला टोपलीत आडवी केली, पिल्लं पोटाशी लावली. दोघांनी तोंड मारलं. धाकटं नुसतं पडून. वहिनी फडक्यानं त्याची पाठ चोळत होत्या. शिंपी दारात, मी भिंतीला टेकून. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचं डोकं हललं, इकडून तिकडे गेलं, आणि चिकटलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दूधकेंद्रावर अख्खी वस्ती हजर. शिंप्यानं दोन हात लांब शेपटी शिवली होती, आत कापूस, वर पट्टे.

"अस्तर लावलंय," तो म्हणाला. "तुला पुढंही लागेल."

मी चार पायांवर उतरलो. "म्याव."

"ऐकू येत नाही!" प्लंबर रांगेतून ओरडला.

"म्याव!"

रांग हसून हसून वाकली. फेरी संपवून उठायला लागलो तर समोर वहिनी, हातात दुधाचं भांडं. त्या हसत नव्हत्या.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "धाकट्यासाठी."

मी पुन्हा खाली बसलो.